दोन गाद्यांमधला माणूस

आपल्या ऐतिहासिक चित्रपटातला फितूर ओळखायला प्रेक्षकाला फार वेळ लागत नाही. दरबारात तो मान खाली घालून उभा असतो, डोळे मात्र वर. बोलण्याआधी जरा थांबतो, आणि तो थांबला की मागची सनई बंद पडून कसलासा खर्ज सुरू होतो. मध्यंतराच्या आत तो शत्रूच्या छावणीत जाऊन आलेला असतो आणि शेवटच्या दहा मिनिटांत त्याचा निकाल लागतो. त्याच्या समोर निष्ठावंत. त्याला मरायची मुभा असते, विचारात पडायची नसते. बाबूराव पेंटरांच्या ‘सिंहगड’पासून (१९२३) आजपर्यंत शंभर वर्षे आपण या दोन साच्यांवर निभावून नेले आहे.

यात नुसती टिंगल करण्यासारखे काही नाही. पारतंत्र्यात लोकांना उभे करायचे होते, तिथे हे साचे कामाचे होते. भालजी पेंढारकरांचे चित्रपट पाहून मोठी झालेली माणसे अजूनही त्यातले संवाद म्हणून दाखवतात, ते उगाच नव्हे. पण सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांच्या भूमीवर अठराव्या शतकाच्या पहिल्या तीस वर्षांत जी माणसे वावरली, ती यांपैकी कुठल्याच साच्यात मावत नाहीत. पुढच्या पानांत त्यांच्यावरची टिपणे आहेत: परशुराम त्रिंबक प्रतिनिधी, शेख मिरा, धनाजी आणि चंद्रसेन जाधव, खंडो बल्लाळ, उदाजी चव्हाण. इतिहासाच्या परीक्षेला बसणाऱ्याला त्यांचा उपयोग बेताचाच. जो चित्रपट लिहू पाहतो आणि ज्याला आपले पात्र यादवीच्या मधोमध उभे करायचे आहे, त्याच्यासाठी ती आहेत.

साच्याची अडचण केवढी आहे ते २०२५ साली सगळ्यांनी पाहिले. ‘छावा’त गणोजी आणि कान्होजी शिर्के यांना फितूर म्हणून दाखवले. शिर्के घराण्याच्या वंशजांनी हरकत घेतली आणि दिग्दर्शक लक्ष्मण उतेकरांनी दिलगिरी व्यक्त केली. वर्तमानपत्रांत दोन्ही बाजूंनी भरपूर शाई खर्च झाली. त्यात एक गोष्ट मात्र कुणी फारशी पुढे आणली नाही. हेच शिर्के पुढे जिंजीच्या वेढ्याच्या वेळी मोगल सेनापती झुल्फिकारखानाच्या छावणीत होते आणि राजाराम महाराज वेढ्यातून निसटले ते शिर्क्यांच्या मदतीने, असे बखर सांगते. ही मदत फुकट नव्हती. खंडो बल्लाळ चिटणिसाने त्यासाठी आपले दाभोळचे वतन त्यांना देऊन टाकले. आता हा गणोजी कोणत्या रकान्यात घालायचा? चित्रपट संभाजीराजांच्या मृत्यूपाशी संपला म्हणून प्रश्न टळला, एवढेच.

आता मूळ भांडणाकडे येऊ. औरंगजेब ३ मार्च १७०७ रोजी अहमदनगरजवळ मेला. सात वर्षांचा असताना मोगलांच्या हाती पडलेला शाहू तेव्हा पंचविशीत होता. औरंगजेबाचा मुलगा आझमशहा याने शाहूला वाटेत सोडून दिले. आई येसूबाईंना मात्र ओलीस म्हणून ठेवून घेतले. त्या सुटल्या १७१९ साली. शाहू दक्षिणेत आला की मराठे आपापसांत झुंजतील, हा मोगलांचा हिशेब होता आणि तो चुकला नाही. इकडे राजाराम महाराजांच्या विधवा पत्नी ताराबाईंनी सात वर्षे औरंगजेबासारख्या शत्रूशी टक्कर देऊन राज्य सांभाळलेले. शाहू तोतया आहे, असे त्यांनी जाहीर केले. शिवाय संभाजीराजांच्या हातचे राज्य गेले होते, आज आहे ते आपल्या नवऱ्याने पुन्हा उभे केले, तेव्हा त्यावर हक्क आपल्या मुलाचा, असे त्यांचे म्हणणे होते. शाहूचे म्हणणे एका ओळीचे: मी थोरल्या शाखेचा, संभाजीराजांचा मुलगा. आजच्या कुठल्याही दिवाणी वकिलाला विचारा, दोन्ही बाजू लढवता येतात.

लेखकाने इथे क्षणभर थांबावे. परकीय राजा आणि आपला राजा असा सामना असला की फितूर कोण हे सांगावे लागत नाही. पण दोन्हीकडे भोसले, दोन्हीकडे भगवा, दोन्हीकडे शिवाजी महाराजांचे रक्त असले, तर एका गादीशी इमान म्हणजे दुसऱ्या गादीशी बेइमानीच. सरदाराने हलायचेही नाही असे ठरवले तरी तो कुणाचा ना कुणाचा गुन्हेगार ठरणार होता.

भीमेकाठी खेडला १२ ऑक्टोबर १७०७ रोजी दोन्ही फौजा समोरासमोर आल्या. ताराबाईंनी सरदारांकडून दूधभातावर शपथा घेतल्या होत्या, अशी परंपरा आहे. त्यांच्या बाजूने सेनापती धनाजी जाधव आणि परशुराम त्रिंबक असे दोघे होते. आदल्या दिवसांत बोलणी झाली होती. बाळाजी विश्वनाथाने धनाजीचे मन वळवले होते. खंडो बल्लाळाने शाहूला पाहून हा तोतया नव्हे, अशी खात्री दिली होती. लढाईच्या तोंडावर धनाजी शाहूकडे गेला. परशुरामपंत गेले नाहीत. ते मागे फिरले आणि थेट साताऱ्याच्या किल्ल्यावर जाऊन बसले.

परशुराम त्रिंबक हे किन्हईचे कुलकर्णी. किन्हई आज कोरेगाव तालुक्यात आहे. लेखणीच्या घरात जन्मलेल्या या माणसाने राजाराम महाराजांच्या काळात तलवार चालवली, १६९२ साली पन्हाळा मोगलांकडून परत घेतला, आणि पुढे प्रतिनिधिपदापर्यंत चढला. त्यांची टिपणे सर्वांत लांब झाली आहेत. माझ्या मते तेच या पुस्तिकेचे मध्यवर्ती पात्र. पण त्यांच्याकडे जाण्याआधी किल्ले देण्याचा एक छोटा हिशेब मांडतो, कारण सगळी गोम तिथे आहे.

१६८९ साली रायगड पडला. वाईच्या देशमुखीच्या लोभाने सूर्याजी पिसाळ फितला, अशी कथा आहे. तिच्यावर आक्षेपही घेतले गेले आहेत. ते काही असो, आज सातारा जिल्ह्यात काय किंवा महाराष्ट्रात कुठेही काय, ‘सूर्याजी पिसाळ’ ही शिवी आहे. निवडणुकीच्या हंगामात ती रोज ऐकू येते. १७०२ च्या जूनमध्ये विशाळगडाचा वेढा लांबला, पावसाळा तोंडावर आला, आणि परशुरामपंतांनी दोन लाख रुपये घेऊन गड औरंगजेबाच्या हवाली केला. याला कुणी फितुरी म्हणत नाही आणि ते बरोबरच आहे. पावसाळाभर शत्रूला गडाखाली कुजवायचे, मग पैसे मोजून घेऊन गड द्यायचा आणि बादशहाची पाठ वळली की परत घ्यायचा, हा ताराबाईंच्या काळचा ठरलेला डाव होता. बादशहाचा खजिना त्यात रिकामा होत गेला. तिसरा किल्ला साताऱ्याचा, साल १७०७, आणि देणारा शेख मिरा. हाही वाईचाच.

तीन माणसांनी तीन किल्ले दिले. एकाचे नाव शिवी झाले, एकाच्या घराण्याने औंध संस्थान चालवले, तिसऱ्याला वाईबाहेर फारसे कुणी ओळखत नाही. कृती एकच होती. फरक पडला तो कुणाला दिला, कधी दिला आणि पुढे राज्य कुणाचे आले यावरून.

शेख मिराचा प्रसंग जरा जवळून पाहण्यासारखा आहे. शाहू चंदन-वंदन हे किल्ले घेऊन साताऱ्याखाली आला. वर किल्ल्यात परशुरामपंत. त्यांच्या हाताखाली शेख मिरा, प्रत्यक्ष बंदोबस्त त्याचा. पंतांनी गड द्यायला साफ नकार दिला. शाहूच्या माणसांनी मग वाईला जाऊन शेख मिराची बायकामुले धरून आणली आणि गड मिळाला नाही तर त्यांना तोफेच्या तोंडी देऊ, असा निरोप वर पाठवला, अशी हकिकत सांगितली जाते. शेख मिरा पंतांकडे गेला. पंत बधले नाहीत. तेव्हा शेख मिराने आपल्याच वरिष्ठाला कैद केले आणि दरवाजे उघडले. १२ जानेवारी १७०८ रोजी त्याच किल्ल्यावर शाहूचा राज्याभिषेक झाला.

साताऱ्याच्या या किल्ल्याच्या, म्हणजे अजिंक्यताऱ्याच्या, तटावर एकदा स्वतः उभे राहून पाहावे. पायथ्याचा मुलूख तळहातासारखा दिसतो. माणसे दिसतात, चेहरे दिसत नाहीत. खाली तोफेपाशी कुणाला उभे केले असेल तर ते आपलेच मूल आहे की नाही, हे वरून सांगता येणार नाही. पटकथेला याहून अधिक काय हवे? इथे तलवारबाजी नाही, स्वगत नाही. एका बंद दालनात दोन माणसे आहेत. एकाची मुले खाली आहेत, दुसऱ्याची नाहीत. पंतांचे इमान ताराबाईंशी आहे, पण त्याची किंमत शेख मिराच्या घरातून वसूल होणार आहे. हा प्रसंग लिहिताना पंतांना करारी आणि शेख मिराला लेचापेचा करण्याचा मोह प्रत्येकाला होईल. तो टाळला की चित्रपट सुरू झाला म्हणायचे. आणि आणखी एक. तोफेचा धाक घालणारा शाहू हा पुढे मवाळ, दयाळू राजा म्हणून प्रसिद्ध झालेला शाहू आहे. त्यालाही या प्रसंगातून सुटका नाही.

वाई-मेणवलीच्या घाटांवर वर्षातून कितीतरी वेळा चित्रपटांची पथके उतरतात. ‘स्वदेस’ तिथेच झाला. नटांच्या गाड्यांनी गावातले रस्ते अडतात, हॉटेलवाल्यांचे बरे चालते. एवढ्या कॅमेऱ्यांपैकी एकही अजून शेख मिराच्या गोष्टीकडे वळला नाही, याचे मला राहून राहून नवल वाटते.

कैदेतल्या परशुरामपंतांचे पुढे काय झाले? १७१०च्या सुमारास शाहूने त्यांना सोडले आणि प्रतिनिधिपद देऊ केले. ज्याने खेडला साथ दिली नाही, ज्याने गड दिला नाही, त्यालाच राज्यातले सर्वांत मानाचे पद. पंतांनी ते घेतले. शाहूचा हिशेब उघड आहे: धनाजी १७०८ सालीच वारला होता, त्याचा मुलगा चंद्रसेन भरवशाचा दिसत नव्हता (तो पुढे ताराबाईंकडे आणि तिथून निजामाकडे गेलाच), आणि पडत्या बाजूला चिकटून राहणारा माणूस आपल्या बाजूला आला तर आपल्यालाही चिकटून राहील, एवढी पारख शाहूला होती. पंतांच्या बाजूचा हिशेब मात्र कुठे लिहिलेला नाही. तीन वर्षांत एखाद्याला काय पटते? ताराबाईंचा पक्ष ढासळला हे, की शाहू खरा आहे हे, की किन्हईची जमीन, औंधची यमाई आणि घरची माणसे सगळी शाहूच्या मुलुखात आहेत हे? कैदेतली ही दोन-तीन वर्षे कागदात जवळजवळ रिकामी आहेत. लेखकाला मोकळे रान मिळते ते इथेच.

पंतांनी थोरला मुलगा कृष्णाजी याला विशाळगडाकडे पाठवले. तो तिकडे गेला आणि कोल्हापूरच्या, म्हणजे शाहूविरोधी, बाजूला मिळाला. तिथला प्रतिनिधी झाला. शाहूला वाटले, बापानेच पढवले. परशुरामपंत पुन्हा कैदेत गेले, आणि या वेळी जिवावर बेतले. खंडो बल्लाळाने रदबदली केली म्हणून ते वाचले. काही काळाने पुन्हा सुटले, पुन्हा प्रतिनिधी झाले आणि १७१८ साली माहुलीला वारले. संगम माहुलीला त्यांची समाधी आहे. धाकटा मुलगा श्रीपतराव शाहूचा प्रतिनिधी झाला. एका बापाचे दोन मुलगे दोन गाद्यांचे प्रतिनिधी, एक साताऱ्याचा, एक कोल्हापूरचा. काहींना यात चलाखी दिसते: कुणीही जिंको, घर वाचले पाहिजे. मला तसे वाटत नाही. चलाखीच असती तर म्हातारपणी दुसऱ्यांदा बेडी आणि मानेवर तलवार, एवढी किंमत कुणी मोजली नसती.

खंडो बल्लाळाने पंतांना वाचवल्याच्या हकिकतीबद्दल वाचकाला सावध करणे माझे काम आहे. ती आपल्यापर्यंत येते ती मुख्यतः मल्हार रामराव चिटणिसाच्या बखरीतून, आणि मल्हार रामराव हा खंडो बल्लाळाचाच वंशज. साताऱ्याला १८१८ नंतर रेसिडेंट म्हणून राहिलेल्या ग्रँट डफने १८२६ साली आपला इतिहास छापला, त्यानेही या घरची कागदपत्रे आणि बखर वापरली. म्हणजे आपण ज्याला या यादवीचा इतिहास म्हणतो, तो बऱ्याच अंशी जिंकलेल्या बाजूच्या, आणि त्यातही एका घराच्या दप्तरातून आलेला आहे. खंडो बल्लाळ त्यात प्रत्येक नाजूक वेळी नेमका हजर असतो. जिंजीला तोच, खेडला तोच, पंतांच्या मानेवर तलवार आली तेव्हाही तोच. तो खरोखर थोर होता, यात शंका नाही. संभाजीराजांनी बापाला हत्तीच्या पायी दिले असताना त्याच गादीची चाकरी इमानाने करणे ही साधी गोष्ट नव्हे. तरी पटकथाकाराने एवढे लक्षात ठेवावे की हा साक्षीदार घरचा आहे.

सांगलीकडे यायला वाचकाला उशीर झाला असे वाटेल, पण यादवीही तिकडे उशिराच सरकली. वारणेच्या खोऱ्यात, बत्तीस शिराळ्याला, उदाजी चव्हाण हिंमतबहादूर ठाण मांडून होता. कागदावर तो कोल्हापूरच्या बाजूचा. प्रत्यक्षात तो वारणेच्या बाजूचा. शाहूच्या मुलुखात त्याने इतका धुमाकूळ घातला की शाहूने शिराळा आणि कऱ्हाडकडची चौथ देऊन त्याच्याशी जमवून घेतले. पुढे तो पुन्हा कोल्हापूरच्या संभाजीराजांबरोबर (हे राजाराम महाराजांचे पुत्र, शाहूचे चुलतभाऊ) उभा राहिला. परशुरामपंतांचा पेच मनातला, उदाजीचा पेच नकाशावरचा. दोन राज्यांच्या सीमेवर ज्याची जमीन असते त्याला बाजू बदलावी लागत नाही. सीमाच त्याच्या अंगावरून इकडेतिकडे सरकत राहते. हलकेफुलके, थोडे टग्या वळणाचे पात्र कुणाला हवे असेल तर उदाजी घ्या. पंतांच्या गोष्टीला तो चांगला उतारा आहे.

१७३० साली श्रीपतराव प्रतिनिधीने वारणाकाठी कोल्हापूरकर संभाजीराजे आणि उदाजी यांच्या तळावर छापा घातला. ज्या पक्षात त्याच्या घराची दुसरी पाती होती, त्याच पक्षावर. ताराबाई या वेळी हाती लागल्या आणि साताऱ्याला आल्या. दोन्ही चुलतभावांची कऱ्हाडजवळ जखिणवाडीला भेट झाली, आणि १३ एप्रिल १७३१ रोजी वारणेचा तह झाला. नदीच्या दक्षिणेला कोल्हापूर, उत्तरेला सातारा. सांगलीजवळ हरिपूरला वारणा कृष्णेला मिळते. तिथे उभे राहिले की एका जुन्या राज्याची हद्द पायाखाली असते. हळदीच्या पेवांसाठी प्रसिद्ध असलेल्या या गावात हे सांगणारी पाटी असावी, अशी माझी जुनी तक्रार आहे. मिरज तेव्हाही मोगलांच्याच ताब्यात होते. ते शाहूने १७३९ साली घेतले.

हिंदी प्रेक्षकाने या घराण्यातला एक माणूस पाहिलेला आहे. संजय लीला भन्साळींच्या ‘बाजीराव मस्तानी’त (२०१५) आदित्य पांचोलीने केलेला पंत प्रतिनिधी, तो हाच श्रीपतराव. तिथे तो बाजीरावाला आडवा येणारा एक दरबारी, बस्स. आधी कोकण आणि कर्नाटक सावरा, मग उत्तरेकडे बघा, हा त्याचा आग्रह होता आणि त्यात राजकारणी शहाणपण होते. पण त्याहून मोठी गोष्ट चित्रपटाला सुचलीच नाही. ज्याने बापाला दोनदा कैदेत जाताना पाहिले आणि ज्याचा भाऊ शत्रूकडे आहे, तो माणूस दरबारात प्रत्येक नव्या धाडसाकडे संशयानेच बघणार.

बाहेरच्या सिनेमाने हे काम केलेले आहे. केन लोच यांच्या ‘द विंड दॅट शेक्स द बार्ली’त (२००६) आयर्लंडचे दोन भाऊ आधी इंग्रजांविरुद्ध खांद्याला खांदा लावून लढतात. तह होतो, एक भाऊ तहाच्या सरकारचा गणवेश चढवतो, आणि शेवटी त्याच्याच हुकुमाने दुसऱ्याला गोळी घातली जाते. प्रेक्षक कुणालाही फितूर म्हणू शकत नाही, कारण दोघांची कारणे त्याने ऐकलेली असतात. जॉन फोर्डच्या ‘द सर्चर्स’मधला (१९५६) ईथन एडवर्ड्स हरलेल्या बाजूचा सैनिक आहे. युद्ध संपून वर्षे झाली तरी तो शपथ दुसरीकडे वाहायला तयार नाही, आणि त्या हट्टाने तो भीषण होत जातो. निष्ठा माणसाला कुरूपही करते, हे आपल्या पडद्यावर अजून फारसे कुणी दाखवलेले नाही.

आपल्याकडचे या दिशेचे एक उदाहरण मात्र नोंदवतो, जरी त्याचा विषय वेगळा आहे. औंधचे शेवटचे राजे बाळासाहेब पंत प्रतिनिधी यांनी १९३९ साली स्वतःहून सत्ता लोकांच्या हाती दिली. त्याच औंध संस्थानाच्या आटपाडी भागात, आजच्या सांगली जिल्ह्यात, स्वतंत्रपूरची कैद्यांची खुली वसाहत उभी राहिली. तिच्यावरून प्रेरणा घेऊन व्ही. शांताराम यांनी ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) केला आणि त्याची कथा आटपाडीच्याच मातीतल्या ग. दि. माडगूळकरांनी लिहिली. शिक्का बसलेल्या माणसाकडे शिक्क्यापलीकडे पाहणारा चित्रपट या भागातून निघाला होता, एवढे त्यावरून म्हणता येते.

टिपणे वापरणाऱ्यांना दोन-तीन सूचना. ताराबाईंना खलनायिका करू नका. त्यांनी औरंगजेबाला झुंजवले ते विसरून चालणार नाही, आणि १७४९ नंतर रामराजाला आधी नातू म्हणून गादीवर आणून मग तोतया ठरवणाऱ्या ताराबाई हा तर स्वतंत्र चित्रपटाचाच विषय आहे. पात्रांच्या तोंडी दर वाक्यात ‘स्वराज्य’ घालू नका. या माणसांच्या पत्रांत वतन, ठाणे, सरंजाम, गवत आणि पगाराची थकबाकी यांबद्दलच अधिक मजकूर असतो. आणि पंतांचे मन कुठल्या क्षणी बदलले, ते दाखवायलाच हवे असे समजू नका. चांगल्या नटाला ते न दाखवता कळवता येते.

शेवटी आणखी एक कागद सांगतो. १८२० साली इंग्रजांनी सातारच्या जहागीरदारांशी वेगवेगळे करार केले. त्यांत औंधचे प्रतिनिधी आहेत, भोरचे सचिव आहेत, फलटणचे निंबाळकर आहेत, जतचे डफळे आहेत, अक्कलकोटकर आहेत, आणि शेख मिरा वाईकर आहेत. ज्याने पंतांना कैद केले त्याचे घर आणि कैद झालेल्या पंतांचे घर, एकाच यादीत. परशुरामपंतांना मध्यवर्ती पात्र मी वर म्हटले आहे आणि ते कायम आहे, पण पहिला चित्रपट मला विचाराल तर शेख मिरावर व्हावा. त्याच्या घरची बाजू सांगणारी बखर झाली नाही. वाई, सातारा, शिराळा, मिरज या भागांत ज्यांच्या माळ्यावर अजून मोडीचे रुमाल बांधून ठेवलेले असतील, त्यांनी ते वाळवीच्या आधी एखाद्या जाणकाराला दाखवावेत. आणि लिहिणाऱ्यांनी ते वाचून मग तलवारी भाड्याने आणाव्यात.